केळूसकरांचे शिवचरित्र आणि आमची मावळखोरी

पाऊस असूनही आपण आलात, वेल्ह्याकडची मंडळी तर शेवटची एसटी परत मिळेल की नाही याची खात्री नसताना आली आहेत. तेव्हा प्रास्ताविकात वेळ घालवत नाही.

आयोजकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, एक पुस्तक वाचल्याची हकीकत सांगतो. ते म्हणाले, सर, आपण तत्त्वज्ञानाचे. ज्ञानमीमांसेवर काही बोला. आम्ही म्हटलं, तेच बोलणार आहोत, फक्त भोरमधून बोलणार आहोत. चौतीस वर्षे आम्ही वर्गात 'आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे, असे आपण केव्हा म्हणू शकतो?' हा प्रश्न शिकवला. त्याचा खरा अभ्यास झाला तो निवृत्तीनंतर, दर रविवारी दुपारी, आमच्या पडवीत.

पुस्तक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र. ते निघाले १९०७ च्या सुमारास. केळूसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, जन्म १८६० चा, मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक. बऱ्याच जणांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतात. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती देणारे ते हेच केळूसकर गुरुजी. एका शाळामास्तराने बुद्ध, तुकाराम आणि शिवाजी या तिघांची चरित्रे लिहावीत, हा योग आम्हाला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडची प्रत वडिलांची. पुठ्ठा गेलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. वडील वेल्ह्याकडे प्राथमिक शिक्षक होते आणि पावसाळ्यात, नदीला पाणी आले की शाळा आपोआप बंद, तेव्हा ते हे पुस्तक मोठ्याने वाचत. आम्ही ऐकत झोपी जात असू. म्हणजे आयुष्याची सत्तर वर्षे आम्ही या पुस्तकाला 'वाचलेले' समजत होतो, आणि प्रत्यक्षात वाचलेले नव्हते.

वाचनाला आठ-दहा जण जमले. एक निवृत्त तलाठी, त्यांना मोडी उत्तम येते. एक एसटीचे माजी कंडक्टर. कारीच्या बाजूचे एक शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे. एक शिक्षक उत्रवळीचे. आणि राजगड-तोरण्यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाट दाखवायला नेणारी एक मुलगी, पदवीधर, बोलायला अगदी स्पष्ट. नियम एकच ठेवला. केळूसकर मोठ्याने वाचायचे, पण शेजारी सभासदाची बखर आणि जेधे शकावली उघडी ठेवायची. अडले तर जदुनाथ सरकार आणि गजानन मेहेंदळे. पुस्तक संपायला दोन वर्षे लागली.

आता कुणी म्हणेल, शिवचरित्र काय नवीन? आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ते ठाऊक असते. अडचण तीच आहे, मंडळी. जे पाळण्यापासून ठाऊक असते ते आपण तपासत नाही. अमेरिकेतही असेच झाले. जॉर्ज वॉशिंग्टन वारले १७९९ च्या डिसेंबरात. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांची दोन चरित्रे निघाली. एक लिहिले जॉन मार्शल यांनी. ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते. पाच खंड, १८०४ ते १८०७. पहिल्या खंडात वसाहतींचाच इतिहास, वॉशिंग्टन जवळजवळ नाहीतच! दुसरे लिहिले वीम्स नावाच्या एका फिरत्या ग्रंथविक्रेत्या पाद्रीबुवांनी, छोटेखानी. त्याच्या १८०६ च्या आवृत्तीत चेरीच्या झाडाची गोष्ट आली. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने झाड तोडले आणि बापापुढे कबूल केले, मी खोटे बोलू शकत नाही. या गोष्टीला पुरावा नाही. खरे बोलण्याचे माहात्म्य सांगणारी गोष्टच बनावट निघाली. पण मार्शलसाहेबांचे पाच खंड आज कोण उघडतो? चेरीचे झाड मात्र आमच्या भोरच्या शाळेतल्या वाचनमालेतही होते.

या वॉशिंग्टनचा आणि आपल्या विषयाचा संबंध आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. महात्मा फुले यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की, तरुणपणी, १८४७ च्या आसपास, जोतीरावांनी शिवाजी आणि वॉशिंग्टन यांची चरित्रे वाचली. पुढे १८६९ मध्ये त्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांची सुटका घडवून आणली. बघा हं, अर्पण वॉशिंग्टनना नाही. वॉशिंग्टन स्वतः गुलाम बाळगणारे जमीनदार होते. चरित्र वाचून भारावलेला तरुण पुढे चरित्रनायकाकडे नव्हे तर त्याच्या घरात कामाला जुंपलेल्या माणसांकडे वळला. वाचन असेही असते.

असो. आपल्या खोऱ्यात येऊ.

पहिला खटका उडाला तो जन्मसालावर. केळूसकरांच्या काळी १६२७ हेच साल सर्वत्र धरले जाई. उत्तरकालीन बखरींतून ते आले होते. आणि ते साल बदलले कोणी, तर आपल्या भोर तालुक्यातल्या कारीने! कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात कागदांचे जुने बाड होते, त्यात शके १५४० पासून पुढच्या घटनांची याद. एकेका वर्षाला दोन-चार ओळी, कुठे अलंकार नाही, स्तुती नाही, एखाद्या कारकुनाने वहीत टिपावे तशा. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. तीत शिवाजीराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे परमानंदाच्या शिवभारतानेही तीच तिथी दिली, राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनेही दुजोरा दिला. तरीही वाद चालूच राहिला आणि राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली ती २००१ मध्ये. छापलेल्या कागदापासून सरकारी मान्यतेपर्यंत पंच्याऐंशी वर्षे. आमचे तलाठी म्हणाले, "सर, सातबाऱ्यावरची वारसनोंद याहून लवकर होते." एवढे हसलो त्या दिवशी!

पण तीन वर्षांचा फरक हा काही पंचांगाचा किरकोळ हिशेब नव्हे. त्याने पुढची सगळी पाने हलतात. कशी ते सांगतो.

आपल्या तालुक्यात रांझे आहे, खेडशिवापूरजवळचे. २८ जानेवारी १६४६ चे शिवाजीराजांचे पत्र या रांझ्याबद्दलचे आहे. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या, राजमुद्रा असलेल्या अस्सल पत्रांत त्याची गणना होते. गावचा पाटील बाबाजी गुजर याच्याकडून 'बदअमल' झाला, चौकशी होऊन ते खरे ठरले आणि त्याचे हातपाय तोडले. पुढे पाटीलकी त्याच्याच भाऊबंदाकडे दिली, त्या आप्ताने या जायबंदी माणसाला सांभाळण्याची जबाबदारी घेतली. प्रसंग आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पण आपल्या तोंडी काय आहे? पाटलाने एका स्त्रीची अब्रू घेतली. कागदात काय आहे? बदअमल, म्हणजे गैरवर्तन. स्त्रीचा उल्लेख त्या पत्रात नाही. परंपरा कदाचित खरेच सांगत असेल. गावाला माहीत असलेली गोष्ट सरकारी कागदात लिहिण्याची गरज लेखनिकाला वाटली नसेल, असेही होते. मात्र 'पत्रात लिहिले आहे' असे म्हणून आपण जे सांगतो ते पत्रात नाही, एवढे कबूल करायला हवे.

दुसरी गोष्ट वयाची. १६२७ धरले तर हा न्याय देणारा अठरा-एकोणीस वर्षांचा जवान. १६३० धरले तर सोळावे वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी असलेला मुलगा! मग हा निवाडा कोणाचा? मुद्रा त्यांची, पण पुण्याचा कारभार तेव्हा दादोजी कोंडदेव पाहत होते, वर जिजाऊसाहेब होत्या. शिक्षक म्हणाले, आमच्या नववी-दहावीतला पोरगा आहे हा. कंडक्टर म्हणाले, त्या काळी सोळाव्या वर्षी माणूस संसारी असायचा. तासभर वाद झाला. आमचे मत विचाराल तर हा प्रश्नच आपल्या काळाचा आहे. 'निर्णय कोणा एकाचा' असे आपण धरून चालतो. एक घर, एक आई, एक वडीलधारा कारभारी आणि एक मुलगा मिळून राज्य करायला शिकत होते, असे चित्र आम्हाला त्या कागदातून दिसते. पण हे आमचे अनुमान. चरित्रकार ते अनुमान म्हणून लिहीत नाहीत, एका नावावर टाकून मोकळे होतात. लांबलचक चरित्राचा हा दोषच आहे. नायकाच्या नावाने क्रियापद चालवायची सवय लागते.

आता रायरेश्वर. इथे आम्हाला आमचीच कथा सांगावी लागेल.

भोरपासून आंबवड्याच्या वाटेने कोर्ल्याकडे गेलात की समोर ते प्रचंड पठार. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट, वर लोखंडी शिडीने जायचे, पठारावर वस्ती आहे, जंगम मंडळींची घरे आहेत आणि शंभूमहादेवाचे जुने देऊळ. १६४५ मध्ये शिवाजीराजांनी सवंगड्यांसह या देवळात स्वराज्याची शपथ घेतली, हे आपण सगळे जाणतो. महाविद्यालयाच्या सहली आम्ही तिथे किती नेल्या त्याची मोजदाद नाही. देवळात मुलांना बसवायचे आणि प्रसंग रंगवून सांगायचा. मुले रडायची, खोटे नाही सांगत. एका स्मरणिकेत आम्ही या विषयावर लेखही लिहिला होता, त्यात तारीख अशी काही ठोकून दिली होती की जणू आम्ही तिथे बेलपत्र घेऊन हजर होतो.

वाचनात ते वर्ष आले. सभासद उघडला. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली १६९७ मध्ये, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून; राजांच्या निधनाला सतराच वर्षे झालेली. तीत रायरेश्वराची शपथ नाही. जेधे शकावली उघडली. तीतही नाही. मग उरते ते एप्रिल १६४५ चे पत्र, रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना लिहिलेले, ज्यात 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द येतात. शिरवळच्या आदिलशाही अंमलदाराने दटावल्यावर त्यांना धीर देणारे. एक तर त्या पत्रात देवाचे नाव रोहिरेश्वर आहे. दुसरे, ते अस्सल की नंतरचे, यावर संशोधकांत एकमत नाही. त्याचा घाट आणि भाषा राजांच्या त्या काळच्या इतर पत्रांसारखी नाही, असा आक्षेप आहे. रांझ्याचे पत्र पाहा. 'अज रख्तखाने' अशी फारसी वळणाची सुरुवात, कोरडी दफ्तरी भाषा. आमच्या तलाठ्यांनी दोन्ही छापील पत्रे शेजारी ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सर, ही दोन पत्रं एका दफ्तरातली वाटत नाहीत." आणि गप्प बसले. त्यांची दर महाशिवरात्रीला रायरेश्वराची वारी असते.

त्या रविवारी वाचन पुढे गेले नाही. एकजण म्हणाले, हे असले वाचन आपल्याला नको, आपण श्रद्धा मोडायला जमलो नाही. पुढचे दोन रविवार ते आलेच नाहीत. आम्हालाही बरे वाटत नव्हते. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून आम्ही संशयाचे गोडवे आयुष्यभर गायले, देकार्तवर व्याख्याने दिली. पण संशय आपल्या अंगणात आला की तो देकार्तचा राहत नाही. ज्या मुलांना आम्ही त्या देवळात बसवून रडवले, त्यांना आता पत्र पाठवायचे का, की बाबांनो, मी सांगितले ते इतके पक्के नव्हते?

प्रश्न खरा विचारला तो त्या वाट दाखवणाऱ्या मुलीने. ती म्हणाली, "सर, तुमचं ठीक आहे, तुम्ही रिटायर झालात. मला येत्या शनिवारी चाळीस जणांना घेऊन रायरेश्वरावर जायचंय. मी त्यांना काय सांगू?"

आम्ही विद्वानांचे उत्तर दिले. म्हटलं, 'असे मानले जाते की' असे म्हण. ती म्हणाली, असं म्हटलं की लोक मोबाईल काढतात, ऐकत नाहीत. आणि तिचे चूक नव्हते. 'असे मानले जाते' हे वाक्य बोलणाऱ्याची कातडी वाचवते, ऐकणाऱ्याला काही देत नाही.

ती शनिवारी गेली आणि रविवारी येऊन सांगती झाली. तिने केले ते असे. देवळाबाहेर, पठारावर सगळ्यांना बसवले आणि आधी खाली बोट दाखवले. हे रोहिडखोरे, ते हिरडस मावळ, पलीकडे गुंजण मावळ, कानद खोरे. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा, एकमेकांशी वैर, वतनासाठी डोकी फुटलेली. मग म्हणाली, शपथ या देवळात झाली अशी आमची श्रद्धा आहे, तिचा त्या काळचा पक्का कागद अजून मिळालेला नाही. पण ही माणसे एकत्र आली याचे कागद आहेत, आणि ते खालच्या गावांतून मिळालेले आहेत. आणि मग रांझ्याचे पत्र सांगितले, कारीचे जेधे सांगितले. चाळीसपैकी एकानेही मोबाईल काढला नाही, असे तिचे म्हणणे. आम्ही विचारलं, देवळात नमस्कार केलास का? ती म्हणाली, "म्हणजे काय सर, करणारच की."

जे गृहस्थ रुसले होते, ते तिसऱ्या रविवारी आले. न बोलता बसले. चहा घेतला.

आता कारी आणि उत्रवळी. आमच्या मते या पुस्तकातला आपल्या भागापुरता सर्वांत जड प्रसंग हा आहे, आणि गड-किल्ल्यांच्या गडबडीत तो मागे पडतो. १६५९. अफझलखान चालून येतोय. आदिलशहाचे फर्मान, १६ जून १६५९ चे, कान्होजी जेध्यांना आले: खानाला जाऊन मिळा. फर्मान खोऱ्यातल्या इतर देशमुखांनाही गेले होते. कान्होजी पाच मुलांसह राजगडावर गेले, फर्मान राजांपुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे नोकरदाराला कळायचे नाही. ज्याच्या बांधावरून तीन पिढ्या दावा चालू आहे त्याला विचारा. उलट उत्रवळीचे देशमुख खंडोजी खोपडे खानाला मिळाले. खोपडे आणि जेधे यांचे वैर जुने. खान मारला गेला आणि खंडोजी लपून राहिले. शेवटी ते कोणाच्या आश्रयाला आले, तर त्याच कान्होजींच्या! मध्यस्थी जावयाने केली. कान्होजींनी राजांकडे रदबदली केली आणि जीवदान मागून घेतले. राजांनी शब्द दिला. पुढे खंडोजी मुजऱ्याला येऊ लागले, तेव्हा राजांनी त्यांना धरले आणि उजवा हात, डावा पाय तोडला. कान्होजी दुखावले, जाब विचारायला गेले. राजांचे म्हणणे असे की, तुमच्या शब्दाखातर जीव घेतला नाही. पण फितव्याला काहीच शासन झाले नाही, तर उद्या सगळेच तसे करतील. हे सारे जेध्यांच्या घरच्या करिन्यात आले आहे. म्हणजे ज्यांचा शब्द पणाला लागला होता त्यांच्याच घरची ही साक्ष.

शब्द पाळला की मोडला?

कान्टसाहेब असते तर त्यांनी सरळ सांगितले असते की, दिलेल्या वचनात मागाहून पळवाट काढणे म्हणजे वचन मोडणेच. आम्हीही तसेच म्हणालो. 'जीव घेणार नाही' या शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्याने 'मला क्षमा झाली' असाच घेतला होता आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक होते. उत्रवळीचे शिक्षक खाली मान घालून बसले होते. त्यांच्या घराण्याचा काही संबंध होता की नाही, आम्ही विचारले नाही. ते एवढेच म्हणाले की, आमच्या गावात हा प्रसंग वर्गात शिकवताना मी नेहमी घाईने पुढे जातो. मग ते ऐंशी वर्षांचे शेतकरी बोलले. एरवी ते फारसे बोलत नसत. म्हणाले, "सर, तुम्ही राजांचं आणि खंडोजींचं बघताय. मला कान्होजींचं दिसतं. जन्माच्या वैऱ्यासाठी ह्यो माणूस राजाला जाब इच्चारायला गेला. वैरी बी आपल्या खोऱ्यातलाच ना."

केळूसकरांची ती पाने आम्ही पुन्हा वाचली, या वेळी कान्होजींकडे बघत. चरित्र एका माणसाचे असते, पण ते वाचताना आपण कोणाच्या खांद्यावरून बघायचे हे वाचकाच्या हाती असते, हे आम्हाला चौतीस वर्षे शिकवून कळले नव्हते. राजांबद्दलचा आदर त्याने कमी झाला का? नाही झाला. पण तो बदलला. राज्य उभारताना त्यांना काय काय करावे लागले, आणि ज्यांच्या जिवावर ते उभे राहिले त्यांना काय गिळावे लागले, हे दिसल्यावर नुसता जयजयकार जरा हलका वाटू लागतो.

दोन छोट्या गोष्टी भराभर सांगतो, वेळ होत आला. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, तेव्हा बाळाला दूध पाजायला आली कापूरहोळची धाराऊ गाडे. चरित्रात तिला एखाद-दुसरी ओळ मिळते. आम्ही ती ओळ वाचली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती, ज्या वाचनाला कधी बसत नसत, चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबल्या. म्हणाल्या, तिचं स्वतःचं मूल पण अंगावर असणार की. दूध पुरलं असेल का दोघांना? या प्रश्नाला कुठल्या बखरीत उत्तर आहे? पण प्रश्न तर बरोबर आहे ना! सईबाई दोनच वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर गेल्या. खान तेव्हा स्वारीवर निघालेला होता.

दुसरी गोष्ट आग्र्याची. १७ ऑगस्ट १६६६ ला राजे निसटले, राजगडाला कधी पोहोचले? काही ग्रंथांत १२ सप्टेंबर, तर शकावलीच्या आधाराने मार्गशीर्ष, म्हणजे २० नोव्हेंबर. आमच्या कंडक्टरांनी लगेच कागद-पेन्सिल घेतली. सव्वीस दिवसांत हजार-बाराशे किलोमीटर, म्हणजे रोजचे चाळीस-पंचेचाळीस, तेही आडवाटेने, वेश पालटून, भर पावसाळ्यात नद्या ओलांडत. म्हणाले, "घोडं जमेल, माणूस जमंल, पर नदी जमायची नाही. वेल्ह्याची पावसाळ्यातली फेरी मी आयुष्यभर मारलीय." त्यांचे मत नोव्हेंबरला. इतिहासाच्या परिषदेत हे चालायचे नाही, पण नदीचा मुद्दा टाकाऊ नाही.

राजगडावर राजांचा संसार, कारभार, सगळे वीस-पंचवीस वर्षे होते, रायगडाला राजधानी जाईपर्यंत. राजाराम महाराजांचा जन्म तिथलाच, २४ फेब्रुवारी १६७० चा. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले, चांगले झाले. फक्त आमच्यासारख्यांच्या तोंडून अजून वेल्हेच येते, त्याबद्दल राग मानू नये.

केळूसकर १६८० ला थांबतात. आम्ही थांबलो नाही, कारण पुढचे पान आंबवड्यात आहे. आपल्या भोर संस्थानचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मावळ राखणारा माणूस. महाराज गेल्यावर त्यांनी ताराबाईंना निष्ठेची शपथ दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहूराजे सुटून आले. गादीचा हक्क कोणाचा हा पेच पडला. शपथ एकीकडे, थोरल्या घराचा वारस दुसरीकडे. त्याच वर्षी आंबवड्याला त्यांनी स्वतःहून आयुष्य संपवले. समाधी तिथेच आहे, नागेश्वराच्या देवळाकडे गेलात तर बघा. रायरेश्वराला जाणारी गाडी आंबवड्यावरूनच जाते. किती वर्षे आम्ही मुलांच्या बसगाड्या तिथून भरधाव पुढे नेल्या, वरच्या शपथेची गोष्ट सांगायला! शपथेपायी जीव दिल्याची जागा खाली, रस्त्याला लागून, आणि आम्ही खिडकीतून मुलांना ती कधी दाखवलीही नाही.

ती स्मरणिका आम्ही शोधून काढली. आमच्या लेखातल्या त्या तारखेवर पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात 'आधार पाहावा' असे लिहिले. ग्रंथालयात दोन प्रती होत्या, त्यांवरही लिहिले. ग्रंथपालांनी हरकत घेतली, पुस्तकावर लिहायचे नसते म्हणाले. ते त्यांच्या जागी बरोबर. उरलेल्या प्रती कोणाकोणाच्या घरी असतील त्या असतील. इथे कोणाकडे असेल तर व्याख्यान संपल्यावर घेऊन या, पेन्सिल आमच्या खिशात आहे.

परवापासून मेहेंदळ्यांचा ग्रंथ लावला आहे. त्यातल्या तळटिपाच इतक्या, की आमच्या हयातीत पुरा होईल असे वाटत नाही. रविवारी दुपारी तीन वाजता. वेल्ह्याच्या मंडळींनी आपापल्या परतीच्या गाडीचा हिशेब करून यावे.

आता प्रश्न घेऊ.